बकरीचं दुखणं : घरी काय करायचं, डॉक्टर कधी बोलवायचा?

अकोला/अमरावती : अडीनडीला बकरी विकून पैसा हाती येतो. पण दुखणं वेळेवर ओळखलं नाही, तर ती रात्रीतून हातची जाते. म्हणून सकाळी सोडण्याआधी तीन गोष्टी पाहाच : बकरी रवंथ करते का, लेंडी घट्ट आहे का, कळपापासून बाजूला उभी राहते का.

पोटफुगी : ओला, कोवळा चारा जास्त झाला की डावी भकाळी फुगते. मोठ्या बकरीला 50 ते 100 मिली गोडेतेल हळूहळू पाजा. पाजताना मान फार उंच करू नका, जीभ ओढू नका. तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. नंतर थोडं फिरवा. अर्ध्या तासात फरक नसेल किंवा तोंडाने श्वास घेत असेल, तर लगेच डॉक्टर.

दाणे खाल्ले : बकरीने गहू-ज्वारीच्या ढिगावर ताव मारला, तर दाणे पोटात आंबून आम्ल वाढतं. इथे तेलावर विसंबू नका. दाणा बंद करा, सुका चारा द्या आणि पोट फुगायची वाट न पाहता डॉक्टर बोलवा.

हगवण : सोबत ताप, नाक-डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड दिसले तर पीपीआरची शंका घ्या. हा रोग कळपात झपाट्याने पसरतो. बकरी आधी वेगळी बांधा, मग दवाखान्यात कळवा.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. आंत्रविषाराची लस मात्र पावसाळ्याआधीच टोचून घ्या.