तालमीचा जमाखर्च

म्हसवड आणि त्याच्या आसपासचा माणदेश हा पर्जन्यछायेतला मुलूख. येथे पीक बेभरवशाचे, पण जत्रा ठरल्या तिथीस भरते, आणि जत्रेत कुस्त्यांचे मैदान झाले नाही तर देवाचे काही करावयाचे राहून गेले, अशी रुखरुख गावकऱ्यांस लागून राहते. या मैदानास पैशाची वानवा नाही. सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर पांगलेले खानापूर, आटपाडी, माण या तालुक्यांतील लोक जत्रेस गावी येतात, सढळ हाताने वर्गणी देतात, आणि दुपारी रेवड्यांवर सुरू झालेले मैदान दिवेलागणीच्या अखेरच्या जोडीस मोठ्या इनामावर जाऊन पोहोचते. ओढाताण आहे ती तालमीत. ज्या हौदात मल्ल घडावयाचे, त्याच्या वाट्यास या रकमेतील कवडीही क्वचितच येते.

तालीम बाहेरून पाहणाऱ्यास अगदी साधी वाटते: बुटक्या दाराची एक अंधारी खोली, भिंतीवर मारुतीची तसबीर, मधोमध तांबड्या मातीचा हौद. ती माती मात्र चाळून, तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालून मुरवावी लागते, आणि रोज पहाटे फावड्याने उकरून मोकळी करावी लागते. हौद चार दिवस पडून राहिला की माती आळते आणि पाठीवर पडणाऱ्या पोराचा खांदा दुखावतो. हे काम गड्याचे नव्हे, पठ्ठ्यांचे. तोच त्यांचा पहिला व्यायाम. म्हणून पोरे घटली की प्रथम मातीच घट्ट होते.

दहा पोरे गेली तर पटावरून दहा नावे उतरली, असे हिशेबनीस म्हणेल. वस्तादाचा हिशेब निराळा. कुस्तीचा सराव जोडीने होतो, आणि जोड वजनाला व ताकदीला तोलाची लागते. एकजण ऊसतोडीला, भरतीच्या अभ्यासाला किंवा मुंबईस गेला की त्याचा जोडीदार जोर-बैठकांपुरता उरतो, आणि काही महिन्यांत तोही शहरातील मोठ्या तालमीची वाट धरतो. तिकडे गादी असते. पदके आणि त्यांच्या आधाराने मिळणाऱ्या नोकऱ्या बहुधा गादीवरच्या कुस्तीतून येतात, आणि ती गादी घेण्याची ऐपत गावच्या तालमीस नसते. शिवाय दूध, तूप, बदाम हा खुराक घरच्यांच्या गळ्यात, आणि वस्ताद कोणाकडे फी मागावयास संकोचतो.

हा संकोच पूर्वी परवडत होता, कारण खर्च दुसरा कोणी सोशीत असे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांस आश्रय दिला, 1912 च्या सुमारास खासबागेचे मैदान उभारले. संस्थाने विलीन झाल्यावर काही सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन दिले. तरीही कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीस गेले ते लोकवर्गणीवर आणि त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून उभ्या केलेल्या 7,000 रुपयांवर. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक अशा उसनवारीतून आले. त्यांचे कौतुक अमाप झाले. पण विजयानंतरच्या कौतुकाने विजयापूर्वीचा खुराक भागत नाही, हा धडा आपण घेतला नाही.

उपाय फार दूरचा नाही. मार्च 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. ज्या हौदाची पायरी मुलींना वर्ज्य होती, त्याच्या पटावर आता त्यांची नावे चढू शकतात. जोडीअभावी ओस पडणाऱ्या तालमींस ही भरती नाकारणे परवडणारे नाही. त्याबरोबरच जत्रा कमिटीने जमलेल्या वर्गणीतून एक ठरावीक हिस्सा तालमीस सालीना नेमणूक म्हणून बांधून द्यावा, वस्तादाने माफक फी घेण्यात कमीपणा मानू नये, आणि दोन्हींचा जमाखर्च गावासमोर वाचला जावा. अखेरच्या जोडीचे इनाम त्यामुळे थोडे उतरेल. पण पहिल्या जोडीस उतरावयाला गावचीच पोरे मिळतील.