पाल्याइतकंच पाणीही महत्त्वाचं

पालेभाजीला दोन वाफा आल्या की उतरवायची, हिरवा रंग टिकला तर ती जमली, असं आपण धरून चालतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मात्र कॉलर्डचा पाला धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाबरोबर तासाहून जास्त वेळ मंद आचेवर ठेवतात आणि तो पार शेवाळी होतो. हा काही भाजीचा सत्यानाश नव्हे. कॉलर्ड कोबीच्याच जातीचा, फक्त गड्डा न धरणारा. काश्मीरचं हाखही त्याच गोतावळ्यातलं. पान जाड, चवीला कडसर. आणि मांस असतं घोट्याजवळच्या सांध्याचं, म्हणजे मांसल भाग थोडा, कातडी आणि चिवट स्नायूबंधच जास्त. ते ओल्या आचेवर सावकाशच विरघळतात. म्हणून सांधा आधी एकटाच उकळत ठेवतात. पाण्याला धुराचा वास लागला, बोटांना किंचित चिकटपणा जाणवला, की मग चिरलेला पाला, कांदा, लाल मिरची. वाढताना वरून मिरच्या मुरवलेलं व्हिनेगर, कारण खारट-स्निग्ध रश्श्याला आंबटाची धार हवीच.

इतकं शिजवल्यावर जीवनसत्त्वं उरतात का, हा आक्षेप रास्त आहे. क जीवनसत्त्वाचा बराच भाग उष्णतेने जातो, हे मान्य. पण पाण्यात उतरलेली बाकीची सत्त्वं वाया जात नाहीत, कारण हे पाणी कुणी फेकतच नाही. त्याला पॉटलिकर म्हणतात आणि ते मक्याच्या पावाबरोबर खातात. पाव त्यात बुडवावा की कुस्करावा, यावर 1931मध्ये लुइझियानाचे तेव्हाचे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि ‘अटलांटा कॉन्स्टिट्यूशन’ हे दैनिक यांच्यात जाहीर वाद रंगला होता. निथळलेला पाला तेवढा तपासून या पदार्थाला नापास करणं म्हणूनच चुकीचं.

हे गुलामीतलं नाइलाजाचं जेवण, असंही म्हणतात. गुलामांच्या वाट्याला मांसाचे हलके तुकडे यायचे, हे खरंच. ती क्रूरता झाकायचं कारण नाही. पण नाइलाजाने जिन्नस मिळतात, हातोटी मिळत नाही. पाला युरोपातून आलेला. पण पालेभाज्या सुक्या, धुरावलेल्या माशांबरोबर रटरटवण्याची रीत पश्चिम आफ्रिकेत मुरलेली होती. ते ज्ञान तिथून गुलामीत आणलेल्या स्वयंपाकिणींचं होतं आणि श्रेयही त्यांचंच. राहिला मीठ-चरबीचा मुद्दा. त्यावर अनेक घरांनी धुरावलेली टर्कीची मान किंवा पंख घालून उपाय काढला आहे. चरबी कमी होते, धूर राहतो. पानं मऊ पडायला वेळ मात्र तेवढाच द्यावा लागतो.