सांडपाण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर?



गळीत हंगाम संपला की कार्यालयात येणाऱ्या सभासदाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ऊसबिलाचा पुढचा हप्ता कधी? यंदा मात्र ओढ्याकाठचे काही सभासद आले आणि त्यांनी निराळेच विचारले. "आमच्या विहिरीचं पाणी चहासारखं झालंय, मोसंबी पिवळी पडली. हा खर्च कारखान्याच्या ताळेबंदात कुठं धरलाय ते दाखवा." आम्ही ताळेबंद काढून पाहिला. तो कुठेच धरलेला नव्हता. खरे सांगायचे तर तो धरता येईल असा रकानाच त्यात नाही. हे असे का होते आणि यावर सरकारने आजवर काय काय उपाय केले, हे आम्हाला समजले तसे या अंकात मांडत आहोत.

सुरुवात आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून करू. शेजाऱ्याची म्हैस आपल्या हरभऱ्यात शिरली तर आपण काय करतो? धरून कोंडवाड्यात घालतो. मालकाने दंड भरावा, जनावराच्या चाऱ्यापाण्याचा खर्च द्यावा आणि म्हैस सोडवून न्यावी. याला १८७१ सालच्या कायद्याचा आधार आहे. दंड बसतो म्हणून मालक दुसऱ्या दिवसापासून दावे घट्ट बांधतो. दूध त्याचे, मग म्हशीने केलेले नुकसानही त्याचेच, एवढा साधा न्याय यात आहे.

आता म्हशीच्या जागी सांडपाणी ठेवा. साखर आणि अल्कोहोल विकून पैसा कारखान्याच्या खात्यावर जमा होतो, पण नुकसान कुंपणाबाहेर जाऊन तिसऱ्याच्याच माथी बसते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला 'बाह्यता' म्हणतात. आपण बाहेरचा खर्च म्हणू. बाहेरचा खर्च किमतीत धरला नाही की माल असतो त्यापेक्षा स्वस्त दिसतो आणि घाण गरजेपेक्षा जास्त होते. केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनी १९२० साली याचे उत्तर सुचवले होते : जेवढे नुकसान तेवढा कर बसवा, म्हणजे तो खर्च आपोआप हिशेबात येईल. कोंडवाड्याचा दंड म्हणजे जवळपास तेच. अडचण एवढीच, की म्हैस शिंगाला धरून नेता येते. पाणी तसे धरता येत नाही. ते रात्री येते, जमिनीत मुरते, चार ठिकाणच्या पाण्यात मिसळते आणि दोन वर्षांनी विहिरीत निघते. मग दावे कोणाचे होते यावर वाद सुरू होतो.

आपल्या धंद्यातले हे पाणी किती आणि कसे, ते पाहू. वजनकाट्यावर एक टन ऊस उतरला की त्यातून सुमारे ४० ते ४५ किलो मळी निघते. तेवढ्या मळीपासून डिस्टिलरीत साधारण १० लिटर अल्कोहोल मिळते. अल्कोहोलच्या प्रत्येक लिटरमागे ८ ते १५ लिटर तांबडे-काळे, उग्र वासाचे पाणी उरते, तोच स्पेंटवॉश. टनामागे १०० लिटर धरून चाला. पाण्यातली घाण कुजवताना सूक्ष्म जीव पाण्यातला प्राणवायू संपवतात. तो किती लागेल यावरून घाणीचे माप ठरते, त्याला बी.ओ.डी. म्हणतात. गावच्या गटारीच्या पाण्यात हे माप लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. कच्च्या स्पेंटवॉशमध्ये ते ४०,००० ते ६०,००० असते. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला ३० च्या वर परवानगी नाही. म्हणजे एका टनाचा स्पेंटवॉश तसाच ओढ्यात गेला, तर शे-दीडशे माणसांच्या वस्तीचे एका दिवसाचे सांडपाणी सोडल्यासारखे झाले. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत १५ टन ऊस धरला तर एका खेपेमागे दोन हजार वस्तीचे गाव! ओढ्यातले मासे एका रात्रीत उलटे का होतात, ते यावरून कळावे.

पुष्कळांचे म्हणणे असे, की हा प्रश्न खासगी कारखानदारांचा आहे. सहकारात मालक गावातच राहतो, तो स्वतःच्या विहिरीत घाण कशी सोडेल? आम्हालाही बरेच दिवस तसेच वाटत असे. पण हिशेब करून पाहिला आणि मत बदलले. हिशेबातले आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. समजा, कारखान्याचे ८,००० सभासद, गाळप ४ लाख टन आणि स्पेंटवॉशची नीट विल्हेवाट लावायला टनामागे ४० रुपये खर्च. म्हणजे १ कोटी ६० लाख झाले. सरासरी सभासदाच्या ५० टन उसामागे २,००० रुपये कमी पडतील. खर्च केला नाही तर हे २,००० प्रत्येकाच्या खिशात राहतील, ओढ्याकाठच्या ६० कुटुंबांच्याही. मात्र त्या ६० जणांचे विहीर, मोटार, फळबाग आणि टँकर मिळून समजा लाख-लाख रुपयांचे नुकसान होईल. आता हा विषय सर्वसाधारण सभेपुढे आणा. सहकारात एक सभासद, एक मत. एका बाजूला ६० मते आणि दुसऱ्या बाजूला ७,९४०. लाख रुपये गमावणाऱ्याचे मत एकच आणि दोन हजार वाचवणाऱ्याचेही एकच. यात कोणी दुष्ट नाही. पण हात वर करून घाणीचा न्याय होत नाही, हे आम्ही अनुभवावरून सांगतो.

एखादा हिशेबी सभासद यावर म्हणेल, "नुकसान साठ लाखांचं आणि उपाय एक कोटी साठ लाखांचा. मग साठ कुटुंबांना भरपाई द्या, वर एक कोटी उरतात!" प्रश्न बिनचूक आहे, हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९६० साली जवळजवळ हेच मांडले. गंमत अशी, की त्यानेही उदाहरण घेतले ते पिकात शिरणाऱ्या जनावरांचेच. दोन्ही पक्षांना समोरासमोर बसून, फारसा खर्च न करता सौदा करता आला आणि हक्क कोणाचा हे स्पष्ट असले, तर स्वस्त तोडगा त्यांचा तेच काढतात, असे त्याचे म्हणणे. बांधावरच्या भांडणात हे घडतेही. पण आपल्या बाबतीत दोन गोष्टी आड येतात. एक, भरपाई देऊ म्हणणे आणि देणे यांत अंतर असते. अर्ज, पंचनामा, पुन्हा अर्ज, आणि तेवढ्यात पुढचा हंगाम. दुसरी गोष्ट मोठी आहे. नुकसान साठ कुटुंबांवर थांबत नाही. मुरलेला स्पेंटवॉश भूजलात गेला की सोडणे बंद केल्यावरही विहीर कित्येक वर्षे निवळत नाही. आणि ओढा पुढे गोदावरीला मिळतो.

गोदावरी म्हणजे आपल्याकडे नाथसागर. १९७६ साली जायकवाडीचे उद्घाटन झाले. आज छत्रपती संभाजीनगर शहर सुमारे ५० किलोमीटरवरून त्यातलेच पाणी उपसून पिते, जालना पिते, वाळूज-चिकलठाण्याचे कारखाने त्यावर चालतात आणि कालव्याखालचा ऊसही त्यावरच उभा आहे. वरच्या अंगाला नाशिक-नगरचे कारखाने आणि शहरे आहेत. खुद्द शहराचे उदाहरण बघा : नाथसागरातून पाणी वर चढवायचे, वापरायचे आणि पाणचक्कीच्या कडेने वाहणाऱ्या खाम नदीत घाण सोडायची. ती खाम पुन्हा गोदावरीलाच मिळते. प्रत्येक जण खालच्याच्या पाण्यात सोडतो आणि वरच्याच्या नावाने बोटे मोडतो. या लाखो लोकांना एका सतरंजीवर बसवून सौदा करणे कोसलाही जमले नसते. म्हणून मध्ये सरकार लागते.

सरकारने काय केले? महाराष्ट्राने यात पुढाकार घेतला होता. जलप्रदूषणाचा कायदा आपल्या राज्याने १९६९ सालीच केला आणि १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापले. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९७४ साली आला. मंडळाचे संमतीपत्र घ्या, माप पाळा, नाही तर बंद, असा हा हुकमाचा मार्ग. डिस्टिलऱ्यांबाबत २००३ सालच्या सनदेने तो आणखी कडक केला. स्पेंटवॉश नदीनाल्यात सोडायचाच नाही. तो आटवून बॉयलरमध्ये जाळा किंवा प्रेसमडमध्ये मिसळून खत करा. हुकूम कळायला सोपा असतो, पण मोजणारा माणूस दारात असेल तेव्हाच तो पाळला जातो. म्हणून २०१४ पासून मोठ्या प्रदूषणकारी उद्योगांना चोवीस तास मोजणारी यंत्रे बसवायला लावली.

पिगूचा मार्गही आपल्याकडे चालवून पाहिला, पण अर्धवट. १९७७ साली पाण्यावर उपकर बसवला. त्याचा दर हजार लिटरला पैशांत होता! शिवाय तो मुख्यतः पाणी किती वापरले यावर होता, त्यात घाण किती सोडली यावर नाही. घाणेरड्या पाण्याच्या वर्गाला दर थोडा जास्त, एवढेच. ज्याला शुद्धीकरणापेक्षा उपकर भरणे स्वस्त पडते, तो उपकरच भरणार. म्हशीला चार आणे दंड लावला तर कोण दावे बांधील? २०१७ साली जीएसटी आला तेव्हा हा उपकर रद्द झाला. त्याबद्दल कोणी फारसे हळहळलेले आम्ही ऐकले नाही.

सरसकट बंदीचा अनुभव आपल्या शहराने घेतला आहे. २००९ साली केंद्रीय मंडळाने देशभरातील औद्योगिक पट्ट्यांची गुणांनी मोजदाद केली. तेव्हाच्या औरंगाबादला ७७.४४ गुण मिळाले आणि अतिप्रदूषितांच्या यादीत नाव गेले. हे गुण जास्त मिळवून मिरवायचे नव्हते! जानेवारी २०१० मध्ये अशा पट्ट्यांत नव्या प्रकल्पांना मंजुरी थांबवण्यात आली. कृती आराखडा तयार करायला यंत्रणेला जाग आली, हे खरे. पण आधीपासून घाण सोडणारा जागच्या जागी चालूच राहिला आणि अडकला तो नवा येणारा, कदाचित चांगली यंत्रसामग्री आणणारा. आमच्या मते हे औषध चुकीच्या रोग्याला दिले गेले.

न्यायालयांनी धरलेली वाट आम्हाला जास्त पटते. १९९६ साली तामिळनाडूतल्या चर्मोद्योगाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रदूषण करणाराच भरेल. माणसांचे नुकसान तर त्याने द्यायचेच, शिवाय बिघडलेले पाणी-जमीन पूर्ववत करण्याचा खर्चही द्यायचा. पुढे २०१० साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण झाले. त्याचे एक खंडपीठ पुण्याला आहे. नुकसान झालेला शेतकरी पाच वर्षांच्या आत तेथे भरपाई मागू शकतो. आपला सभासद आपल्याच कारखान्याविरुद्धही मागू शकतो. कारखान्याच्या अंकात हे छापावे का, यावर आमच्यात थोडी चर्चा झाली. छापावे असे ठरले.

सुरतेत २०१९ पासून आणखी वेगळा प्रयोग झाला. कापड गिरण्यांच्या धुराड्यांतील धुळीवर एकूण मर्यादा घालून धूळ सोडण्याचे परवाने वाटले. ज्याला कमी खर्चात धूळ रोखता येते त्याने रोखावी आणि उरलेले परवाने विकावेत. धूळ २० ते ३० टक्के घटली आणि रोखण्याचा खर्चही उतरला. धुराला हे ठीक आहे. स्पेंटवॉशला लागू करणे आम्हाला धोक्याचे वाटते, कारण धूर सगळ्या शहरावर पसरतो आणि स्पेंटवॉश एकाच विहिरीत साचतो. परवाना विकत घेतलेला कारखाना तुमच्याच वरच्या अंगाला निघाला तर?

अनुदानाची बाजूही सांगितली पाहिजे. २०१८ च्या इथेनॉल योजनेत केंद्राने स्पेंटवॉश जाळणाऱ्या बॉयलरच्या कर्जालाही व्याजाची सवलत दिली. पिगूच्या न्यायाने हे उलटेच, कारण घाण करणाऱ्याच्या उपायाचा भार करदात्यावर पडला. पण बॉयलर बसला की विहीर वाचते, हेही खरे. शिवाय त्या बॉयलरच्या राखेत पालाश असते. पालाश आपला देश परदेशातून आणतो. २०२१ पासून मळीपासून मिळणाऱ्या या पालाशला खतांच्या अनुदान योजनेत जागा मिळाली आहे. कालपर्यंत ओढ्यात जाणारे पालाश उद्या गोणीत भरून आपल्याच उसाला येईल.

आणि आता थोडे आपल्या बांधाच्या आत. युरियाची ४५ किलोची गोणी सरकार २६६ रुपयांच्या आसपास देते. स्वस्त म्हणून उसाला एक गोणी जास्त पडते, पिकाने न घेतलेले नत्र पाण्याबरोबर खाली जाते आणि विहिरीच्या पाण्यात नायट्रेट वाढते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवे. तोडणीनंतर पाचट पेटवले की धूर शेजाऱ्याच्या घरात जातो. तोही बाहेरचाच खर्च आहे, फक्त त्याचे धुराडे आपल्या शेतात आहे. शेतकी विभागाने पाचट कुट्टीचे यंत्र घ्यावे अशी मागणी वारंवार होते. ती मान्य व्हावी असे आम्हाला वाटते.

ओढ्याकाठच्या सभासदांचा अर्ज संचालक मंडळापुढे ठेवला आहे. डिस्टिलरीपासून ओढ्याच्या दोन्ही अंगांच्या विहिरींचे नमुने बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावेत आणि निघतील ते आकडे, गट नंबरासह, याच अंकात छापावेत, अशी आम्ही मंडळाला लेखी विनंती केली आहे. टनामागे किती रुपये या कामासाठी बाजूला काढायचे हा विषय येत्या वार्षिक सभेच्या पत्रिकेत घ्यायचा असेल, तर सभासदांच्या लेखी सूचना मुदतीत कार्यालयात पोहोचल्या पाहिजेत. ज्यांची विहीर अजून स्वच्छ आहे त्यांच्याही सूचना हव्या आहेत. साठांच्या सह्या आमच्याकडे आलेल्या आहेतच.