विश्लेषण : ट्रॉम्बेची ३:४५, सर्व्हरची १०:१५... ऑनलाइन अर्जात तारीख एक दिवस मागे का जाते?

ऑनलाइन अर्जात जन्मतारीख १५ ऑगस्ट भरली आणि छापील प्रतीवर १४ ऑगस्ट आली, असा अनुभव अनेकांना येतो. टंकलेखनाची चूक म्हणून तो सोडून दिला जातो. पण जन्मतारखेतला एक दिवस जुळला नाही की कागदपत्रांची पडताळणी अडते. या घोळाचे मूळ बहुतेक वेळा साडेपाच तासांच्या फरकात असते.

एकच क्षण, अनेक वेळा कशा?

देशातील पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ ट्रॉम्बे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी कार्यान्वित झाली. त्या क्षणी लंडनमध्ये उन्हाळी वेळेनुसार सकाळचे ११:१५ वाजले होते, तर न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ६:१५. क्षण एक, घड्याळे तीन. हा गोंधळ टाळण्यासाठी संगणक ‘यूटीसी’ ही जागतिक संदर्भवेळ वापरतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे ‘अप्सरा’ची यूटीसी वेळ सकाळी १०:१५.

बहुतेक संगणक प्रणाली १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून सेकंद मोजतात. एखाद्या ॲपमध्ये तारीख रिकामी राहिली की ‘१ जानेवारी १९७०’ दिसते, ती यामुळेच. तेव्हा भारतात पहाटेचे साडेपाच वाजले होते.

तारीख मागे कशी जाते?

अर्जदार कॅलेंडरवर १५ ऑगस्ट निवडतो. ब्राउझर त्याचा अर्थ ‘१५ ऑगस्टची भारतीय मध्यरात्र’ असा घेतो. माहिती सर्व्हरकडे पाठवताना ती वेळ यूटीसीत बदलली जाते आणि साडेपाच तास वजा होऊन १४ ऑगस्टची संध्याकाळ, ६:३० होते. सर्व्हरने त्यातला वेळेचा भाग काढून फक्त तारीख ठेवली की उरते १४ ऑगस्ट.

अमेरिकेत हेच उलट्या बाजूने घडते. जावास्क्रिप्टला नुसती तारीख दिली तर ती यूटीसीची मध्यरात्र मानली जाते. तारखेसोबत वेळही दिली, पण कुठली ते सांगितले नाही, तर ती त्या उपकरणाची स्थानिक वेळ मानली जाते. त्यामुळे मुंबईत चाचणी करताना बरोबर दिसणारी तारीख न्यू जर्सीतल्या मोबाइलवर एक दिवस मागे दिसू शकते.

पैशाच्या हिशेबात काय बिघडते?

रात्री १२ ते पहाटे ५:३० या काळात भारतात नवी तारीख सुरू झालेली असते, यूटीसीत मात्र आदलीच तारीख चालू असते. १ एप्रिलला पहाटे २ वाजता केलेला व्यवहार यूटीसीनुसार ३१ मार्चचा, रात्री ८:३० चा ठरतो. अहवाल यूटीसी तारखेवर काढला तर तो व्यवहार थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतो.

अंतिम मुदतीचेही तसेच. ‘३१ जुलै, रात्री ११:५९’ ही मुदत सर्व्हरने यूटीसीत धरली तर अर्ज भारतात १ ऑगस्टच्या पहाटे ५:२९ पर्यंत स्वीकारले जातील. मुदत अर्जदाराच्या मोबाइलच्या घड्याळावर तपासली तर घड्याळ मागे करून कोणीही ती वाढवून घेईल. म्हणून मुदत नेहमी सर्व्हरने तपासावी आणि ती भारतीय वेळेची आहे हे अर्जावर स्पष्ट लिहावे.

मुंबईची वेळ वेगळी होती?

होती. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईत तिला कडवा विरोध झाला. स्थानिक सूर्यावर बेतलेली ‘बॉम्बे टाइम’ ग्रिनिचपेक्षा ४ तास ५१ मिनिटे पुढे, म्हणजे प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे होती. शहरात या दोन वेळा अनेक दशके शेजारी-शेजारी चालल्या. ‘बॉम्बे टाइम’चा वापर १९५० च्या दशकापर्यंत रेंगाळला. शिवाय दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात, भारतीय प्रमाणवेळच एक तास पुढे करून साडेसहा तासांची केली होती.

याचा आजच्या ॲपशी संबंध आहे. आजोबांच्या जुन्या टिपणात ‘सकाळी ८’ अशी जन्मवेळ असेल आणि ती ‘बॉम्बे टाइम’ची असेल, तर प्रमाणवेळेनुसार ती ८:३९ होते. पत्रिका मांडणाऱ्यांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. एक लग्नरास साधारण दोन तास चालते, त्यामुळे ३९ मिनिटांत लग्न बदलू शकते.

वेळांची नोंदवही कोण ठेवते?

कोणत्या प्रदेशात कधी कोणती वेळ होती, याचा तपशील ‘टाइम झोन डेटाबेस’मध्ये असतो. मोबाइलपासून सर्व्हरपर्यंत बहुतेक यंत्रणा त्यावर विसंबतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात त्याची सुरुवात केली. २०११ मध्ये ॲस्ट्रोलेब या ज्योतिष सॉफ्टवेअर कंपनीने ओल्सन आणि त्यांचे सहकारी पॉल एगर्ट यांच्यावर स्वामित्वहक्काचा दावा ठोकला. पुढच्या वर्षी तो मागे घेतला गेला. दरम्यान नोंदवहीची जबाबदारी ‘आयाना’ या संस्थेकडे गेली.

या नोंदवहीत भारतासाठी ‘एशिया/कोलकाता’ हा एकच विभाग आहे, ‘एशिया/मुंबई’ नाही. १९७० नंतर ज्या ठिकाणांची घड्याळे सारखी चालली, त्यांना सहसा एकाच विभागात धरले जाते. महायुद्धातला एक तास त्यात आहे, मुंबईची ३९ मिनिटे नाहीत. ‘बॉम्बे टाइम’ हवी असेल तर ॲपने ती वेगळी हाताळावी लागते.

साडेनऊ की साडेदहा?

न्यू जर्सी भारताच्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा तास असते. तिथली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे होतात. दर शनिवारी सकाळी तिथल्या १० वाजता भरणारा ऑनलाइन मराठी वर्ग यूटीसीत नोंदवून ठेवला, तर नोव्हेंबरपासून तो तिथे ९ वाजता दिसू लागेल. नियमही बदलतात. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागांत उन्हाळी वेळ बंद केली, तर इजिप्तने २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू केली. म्हणूनच नोंदवही अद्ययावत ठेवणे गरजेचे ठरते.

मग योग्य पद्धत कोणती?

• घडून गेलेली गोष्ट (पैसे भरले, लॉगिन केले) : यूटीसीत साठवावी, दाखवताना वापरकर्त्याच्या वेळेत बदलावी.

• जन्मतारीख, सण, सुट्टी : ही नुसती तारीख असते. तिला वेळ जोडू नये, यूटीसीत बदलू नये.

• पुढे होणारी गोष्ट (वर्ग, बैठक, अपॉइंटमेंट) : स्थानिक वेळ आणि विभागाचे नाव, दोन्ही साठवावे.

• फरक : ‘अधिक साडेपाच तास’ हाताने मिळवत बसू नये, ते काम नोंदवहीवर सोपवावे. फरक नेहमी पूर्ण तासांचा असतो असेही गृहीत धरू नये. आपला साडेपाच तासांचा आहे, नेपाळचा पावणेसहा.

• घड्याळ : ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादारांनी आपल्या यंत्रणांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायची आहेत.

• चाचणी : रात्री १२ ते पहाटे ५:३० दरम्यानची वेळ आणि ३१ मार्च ही तारीख घेऊन करावी. मोबाइलचा विभाग न्यूयॉर्क करूनही पाहावे.

वापरकर्त्यांसाठी सल्ला एवढाच, की अर्ज सादर करण्यापूर्वी अंतिम प्रतीवरची जन्मतारीख पुन्हा वाचावी. ती एक दिवस मागे दिसली तर त्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन लगेच मदत कक्षाला कळवावे. अर्ज मंजूर झाल्यावर तीच दुरुस्ती कितीतरी किचकट होते.