तडा कुठे जावा? – एका डबल बेसची दुरुस्ती

पावसाळ्यात घराचे दार फुगते आणि चौकटीत अडकते. उन्हाळ्यात तेच दार सहज मिटते, वर थोडी फटही राहते. हा अनुभव आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. दार अडकले की आपण सुताराला बोलावतो, तो कडेवरून रंधा फिरवतो आणि काम भागते. पण फुगणारे आणि आकसणारे लाकूड एखाद्या वाद्याचे असेल तर? तेथे रंधा चालत नाही. मग काय करायचे, हे आम्हांला गेल्या वर्षी जवळून पाहायला मिळाले.

आमच्या एका मित्राचे वडील मुंबईत हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात डबल बेस वाजवत. व्हायोलिनच्याच कुळातले, पण माणसापेक्षा उंच, उभ्याने वाजवायचे हे वाद्य. जुन्या चित्रगीतांत तालाबरोबर चालणारा जो खोल, गुबगुबीत खर्ज ऐकू येतो, तो पुष्कळदा याचाच असतो. वडिलांच्या पश्चात ते वाद्य समुद्राजवळच्या जुन्या घरात बरीच वर्षे कोपऱ्यात उभे होते. मित्राच्या मुलीला ते शिकावेसे वाटले, म्हणून ते नव्या घरातल्या वातानुकूलित खोलीत आणले. तीन आठवड्यांनी एका रात्री बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. सकाळी पाहिले तर वाद्याला दोन ठिकाणी इजा झाली होती. पुढची फळी एका बाजूला कडेपासून वीतभर सुटली होती. दुसऱ्या बाजूला मात्र फळीच उभी चिरली होती. त्या दुसऱ्या जागी वडिलांनी पूर्वी कधीतरी एक तडा स्वतःच्या हाताने, बाजारातला सर्वांत पक्का इपॉक्सी गोंद आणून बुजवला होता. नवी चीर त्या जुन्या तड्याला लागूनच, पण शेजारच्या चांगल्या लाकडातून गेली होती.

वाद्य टाकून द्यायचे की दुरुस्त करायचे, असा प्रश्न उभा राहिला. पुढची फळीच बदलावी, असाही एक सल्ला मिळाला. शेवटी आम्ही ते मुंबईतल्या एका वयस्क गोवेकर कारागिराकडे घेऊन गेलो. त्यांनी दोन्ही जागा बोटांनी चाचपल्या आणि म्हणाले, "सर, हा सांधा सुटला ते चांगलंच झालं. सुटण्यासाठीच तो केलेला असतो. वाईट झालंय ते इकडे, जिथे सुटला नाही तिथे."

हे वाक्य समजून घेण्यासाठी प्रथम वाद्याची रचना पाहू.

वाद्यावरचा भार

डबल बेसच्या चार तारा साधारणपणे ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झ या कंप्रतांना लावतात. प्रत्येक तार आधीच्या तारेच्या मध्यमावर असते. ४१ हर्ट्झच्या ध्वनीची हवेतील तरंगलांबी आठ मीटरहून अधिक भरते. नुसती तार एवढ्या खालच्या स्वरासाठी हवा पुरेशी हलवू शकत नाही. ते काम पुढची मोठी फळी करते. तारांचे कंपन घोडीमधून या फळीत उतरते. फळी स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाची असते, कारण हे लाकूड हलके असूनही तंतूंच्या दिशेने चांगले ताठ असते. मागची फळी आणि बाजूच्या वळवलेल्या पट्ट्या बहुधा मेपलच्या असतात.

चारही तारांचा एकूण ताण सव्वाशे किलोच्या आसपास असतो. तारा घोडीवरून जाताना वाकतात. दोन्ही बाजूंच्या तारांमधला कोन १५० अंश धरला, तर बलांच्या त्रिकोणावरून घोडीवरचा खालचा दाब सुमारे ६५ किलो येतो. विद्यार्थ्यांनी हे गणित जरूर करून पाहावे. म्हणजे जेमतेम सात-आठ मिलिमीटर जाडीच्या आणि कडेला त्याहून पातळ असलेल्या फळीवर एक प्रौढ माणूस कायम उभा आहे असे समजा. तिला आतून आधार दोन गोष्टींचा. खर्जाच्या बाजूला फळीच्या पोटाशी चिकटवलेली एक लांब पट्टी, आणि दुसऱ्या बाजूला पुढच्या व मागच्या फळीच्या मध्ये नुसता दाबाने उभा असलेला एक लाकडी खांब. हा खांब चिकटवलेला नसतो. इटालियन भाषेत त्याला 'आत्मा' म्हणतात. तारा पूर्ण सैल केल्या की तो पडूही शकतो.

लाकडाचे एकांगी फुगणे

लाकूड म्हणजे खोडाच्या दिशेने रचलेल्या लांब, पोकळ नळ्यांची जुडी. हवेतले बाष्प या नळ्यांच्या भिंतींत, सेल्युलोजच्या धाग्यांच्या मध्ये शिरते आणि धागे एकमेकांपासून दूर सारते. त्यामुळे लाकूड आडवे फुगते, पण धाग्यांची लांबी जवळजवळ बदलत नाही. वाद्याच्या फळीसाठी जसे लाकूड चिरतात, त्यात रुंदी ही वर्षवलयांना काटकोनात येते. या दिशेने स्प्रूसमधले पाणी एक टक्क्याने बदलले की रुंदी सुमारे ०.१४ टक्क्याने बदलते.

आता आमच्या वाद्याचा हिशोब मांडू. जुलैतल्या मुंबईत सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या घरात असते. अशा हवेत स्थिरावलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या १७-१८ टक्के पाणी असते. आर्द्रता ५० टक्क्यांवर आणली की ते नऊ टक्क्यांच्या जवळ येते. फरक आठ टक्के धरू. फळीची सर्वांत जास्त रुंदी ६६ सेंटिमीटर धरली, तर ती सुमारे सात मिलिमीटरने आकसू पाहते. लांबी मात्र त्या मानाने जवळजवळ बदलत नाही.

हा हिशोब मोकळ्या फळीचा आहे. वाद्याची फळी मोकळी नसते. ती बाजूच्या पट्ट्यांना चिकटवलेली असते आणि त्या पट्ट्यांचे तंतू वाद्याच्या घेराच्या दिशेने धावतात. म्हणून घेर आकसत नाही. फळी आत ओढते आहे आणि चौकट तिला सोडत नाही, अशी रस्सीखेच सुरू होते. ताण वाढत जातो आणि जे सर्वांत दुबळे, ते सुटते. अशा वेळी दुबळा भाग कोणता असावा, हे वाद्य करणाऱ्याने आधीच ठरवायचे असते.

सरस

येथे गोंदाचा विचार येतो. व्हायोलिनच्या कुळातली वाद्ये शतकानुशतके सरसाने जोडली जातात. आपले जुने सुतारही सरसच वापरत. जनावरांची कातडी व हाडे उकळून तो करतात. त्यांतल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या तीनपेडी दोरीचे पेड उकळताना सुटे होतात आणि जिलेटिन तयार होते. सरसाचे खडे गार पाण्यात भिजवून, डब्यात डबा ठेवून, साठ-पासष्ट अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. उकळू देत नाहीत, कारण जास्त उष्णतेने रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि सांधा कच्चा राहतो. लाकडावर लावलेला सरस निवताना थिजतो, कारण पेड पुन्हा काही ठिकाणी एकमेकांत गुंफले जातात. मग पाणी उडून जाते, थर आकसतो आणि दोन्ही बाजूंना जवळ ओढतो.

नीट बसवलेला सरसाचा सांधा लाकडाइतका मजबूत होऊ शकतो. पण त्याचे दोन गुण याहून मोलाचे आहेत. पहिला हा की पाणी वाढवून तो हवा तेवढा पातळ, म्हणजे हवा तेवढा दुबळा करता येतो. पुढची फळी कडेला चिकटवताना कारागीर मुद्दाम पातळ सरस वापरतात. फळी जास्तच ओढू लागली की हा सांधा सुटतो आणि फळी वाचते. विजेच्या मंडलात आपण फ्यूज ठेवतो तो याच विचाराने. दुसरा गुण म्हणजे जिलेटिनचे रेणू एकमेकांशी रासायनिक बंधांनी कायमचे जखडलेले नसतात. गरम पाण्याने सरस पुन्हा मऊ होतो आणि जुन्या थरावर नवा सरस धरतो.

इपॉक्सीत याच्या उलट घडते. त्याच्या साखळ्या एकमेकींशी रासायनिक बंधांनी विणल्या जातात आणि ही वीण पाण्याने सुटत नाही. सुतारकामातला पांढरा कृत्रिम गोंद एवढा हट्टी नसला, तरी तो लाकडाच्या छिद्रांत राहून जातो. मग त्या जागी सरस धरत नाही. शिवाय सततच्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो. टेबल-खुर्च्यांना हे गोंद उत्तम. दमट हवेत सरसाला बुरशी लागते, तो मऊ पडतो, म्हणून सुतारांनी तो सोडला यात चूक काही नाही. पण वाद्यावरच्या पक्क्या सांध्याने ताण स्वतः घेतला नाही, शेजारच्या लाकडावर ढकलला. मित्राच्या वडिलांनी मायेने केलेली दुरुस्ती अशी अंगलट आली.

दुरुस्ती कशी झाली

प्रथम तारा सैल करून वाद्य घोंगडीवर आडवे ठेवले. कारागिराने बोटाच्या पेराने कडेकडेने टकटक करून आणखी कोठे सांधा सुटला आहे का ते ऐकले. सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. मग पुढची फळी उघडली. बोथट, पातळ पाते सांध्यात सरकवायचे आणि थेंबभर अल्कोहोल सोडायचे. अल्कोहोल सरसातले पाणी शोषून घेते, थर ठिसूळ होतो आणि कट्‌कट् आवाज करत सुटत जातो. शंभरेक वर्षांची फळी त्या दुपारी अखंड हातात आली.

वीतभर सुटलेल्या सांध्याचे काम सोपे होते. गरम पाण्याने जुना सरस पुसला, एवढेच. इपॉक्सीच्या जागेने मात्र दोन आठवडे घेतले. उष्णतेने तो थोडा मऊ करून कणाकणाने खरवडावा लागला. त्याबरोबर लाकडाचेही कण गेले. तेथे स्प्रूसची काडी तासून, तंतू जुळवून बसवावी लागली. चीर आधी सरस न लावता जुळवून पाहिली. नंतर लाकूड कोमट करून, कारण गार लाकडावर सरस लगेच थिजतो, ती सरसाने जोडली. आतल्या बाजूने चिरेवर ठरावीक अंतराने स्प्रूसचे लहान शंकरपाळीच्या आकाराचे तुकडे चिकटवले. त्यांचे तंतू चिरेला आडवे ठेवले आणि कडा तासून पातळ केल्या. सलग लांब पट्टी का नको, असे आम्ही विचारले. तुकडे लहान असले की फळीला श्वास घेता येतो, असे उत्तर मिळाले. ते भौतिकदृष्ट्याही बरोबर आहे. आडव्या तंतूंचा मोठा तुकडा आकसत नाही आणि तीच रस्सीखेच पुन्हा सुरू करतो.

शेवटी फळी पातळ सरसाने बसवून सभोवार चाळीसेक शिकंजे लावले. आतला खांब नव्याने मापून उभा केला. तारांचा ताण एकदम न देता काही दिवसांत वाढवत नेला.

जुने लाकूड का जपायचे?

नवी फळी बसवली असती तर काय बिघडले असते? आवाजाचा प्रश्न आहेच, पण जुने लाकूड हा पुरावाही असतो. सर्ज कुसेवित्स्की (१८७४–१९५१) हे प्रसिद्ध संगीत-संचालक डबल बेसही वाजवत. त्यांचे वाद्य पुढे त्यांच्या पत्नीने गॅरी कार या वादकाला दिले. ते १६११ मध्ये इटलीतील आमाती बंधूंनी केले असे मानले जाई. अमेरिकेतील अभ्यासकांनी त्याच्या पुढच्या फळीवरील वर्षवलये मोजून, आल्प्समधील वृक्षांच्या वलयांशी ताडून पाहिली आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. फळीतली वलये १४४५ ते १७६१ या काळातली निघाली. म्हणजे १६११ साली ते झाड उभेच होते! कोणी दुरुस्तीच्या नावाखाली ती फळी बदलली असती, तर हा उलगडा झालाच नसता.

वर्गात करून पाहा

खोक्याच्या पाइन लाकडाची रुंद फळी घ्या. तिच्यातून दहा सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या कापा, एक तंतूंच्या दिशेने, दुसरी आडवी. व्हर्नियर कॅलिपरने दोन्हींची लांबी मोजा, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि पुन्हा मोजा. आडवी पट्टी काही मिलिमीटरने वाढलेली दिसेल. उभीतला फरक शोधावा लागेल.

दुसऱ्या प्रयोगात आइसक्रीमच्या काड्यांच्या तीन जोड्या करा. एक साठ अंशांवर केलेल्या जिलेटिनने, दुसरी तासभर उकळलेल्या जिलेटिनने आणि तिसरी इपॉक्सीने चिकटवा. दोन दिवस वाळवून वजन टांगा. कोणती जोडी केव्हा तुटली आणि सांध्यात तुटली की काडीत, याची नोंद करा. नंतर तशाच तीन नव्या जोड्या कोमट पाण्यात ठेवा आणि काय होते ते पाहा.

सर्वांत मजबूत जोड कोणता, या प्रश्नाचे उत्तर मुले लगेच देतील. त्यानंतर दुसरा प्रश्न विचारावा: पन्नास वर्षांनी ही वस्तू पुन्हा कोणाला तरी उघडावी लागणार असेल, तर तुम्ही कोणता जोड निवडाल?

मित्राच्या घरी आता त्या खोलीत आर्द्रतामापक लावला आहे आणि वाद्य वातानुकूलन यंत्राच्या झोतापासून दूर उभे असते. गेल्या जानेवारीत फळीची कड पुन्हा चार बोटे सुटली. मुलगी घाबरली. कारागिराने एका दुपारी सरस लावून दिला. फळीला चीर गेली नव्हती.