उभ्या कारमध्ये कुत्रा? 'पाच मिनिटांत येतो' म्हणू नका

अकोला, अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाणे नवे नाही. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अकोल्यात जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लागू केले होते. अशा उन्हात कुत्र्याला कारमध्ये ठेवून दुकानात शिरणे त्याच्या जिवावर बेतू शकते.

कार इतकी का तापते?
काचेतून आलेल्या उन्हाने सीट आणि डॅशबोर्ड तापतात, त्यांच्यामुळे आतली हवा तापते आणि ती उष्णता आतच कोंडते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २००५ मधील अभ्यासात उन्हात उभ्या कारमधील तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढले. त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही.

सावलीत चालेल का?
नाही. सावलीत कार कमी तापते, पण बाहेरच ४४ अंश असतील तर सावलीतली बंद कारही भट्टीच. शिवाय सावली सरकते.

कुत्र्याला जास्त धोका का?
कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून शरीर थंड करतो. बंद कारमधली हवा त्याच्याच श्वासाने दमट होते आणि धापा टाकूनही उपयोग होत नाही. त्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश असते. ते ४१ च्या पुढे गेले की उष्माघाताचा धोका असतो. पगसारखे चपट्या नाकाचे, लठ्ठ आणि म्हातारे कुत्रे लवकर कोसळतात.

लक्षणे कोणती?
जोरजोरात धापा, तोंडातून लाळ, लालभडक हिरड्या, उलटी, झोकांड्या आणि शेवटी बेशुद्धी.

लगेच काय करावे?
- आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या.
- सावलीत आणून अंगावर पाणी ओता. टाकीचे तापलेले पाणी नको. बर्फ शोधण्यात वेळ घालवू नका.
- पंखा किंवा कारचा एसी लावा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका.
- शुद्धीत असेल तर थोडे थोडे पाणी पाजा, जबरदस्ती नको.
- बरा वाटला तरी पशुवैद्यकांना दाखवाच. आतल्या अवयवांची इजा नंतर लक्षात येते.

दुसऱ्याच्या कारमध्ये कुत्रा अडकलेला दिसला तर गाडीचा नंबर सांगून आसपासच्या दुकानांत मालकाला शोधा. तो सापडत नसेल तर ११२ वर फोन करा.

बाजारात जायचे असेल, तर कुत्र्याला घरीच पंख्याखाली ठेवा.