मॅग्दलीनचे केस

४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचा पूर फ्लॉरेन्स शहरात शिरला. तेथील बाप्तिस्मागृहात दोनातेल्लोची १५व्या शतकातील 'मॅग्दलीन' उभी होती. लाकडात कोरलेली, अस्थिपंजर, केसांनीच अंग झाकलेली ती पश्चात्तापदग्ध स्त्री! चिखल व तेल तिच्याही अंगाला लागले. पुढे सफाई करताना तज्ज्ञांच्या ध्यानात आले, की तिचा तो विख्यात तपकिरी रंग मुळी दोनातेल्लोचा नव्हेच. तो मागाहून चढलेला थर! त्याखाली कातडीचा रंग निघाला, केसांत सोने चमकले.

हे वाचले नि मी चपापलो. वर्गात अभंग शिकवताना मीही एखाद्या प्रक्षिप्त ओळीलाच संतांचे हृद्गत म्हणत नसेन ना? हल्ली बोलण्यापूर्वी मी जुन्या पोथ्यांतले पाठ ताडून पाहतो.